उन्हाळ्यातले अंगण, त्यातले जीव आणि रानफुले: पावसाळ्याआधीची साफसफाई किती करावी?

ओसरी

इंदूरच्या सुदामा नगरातल्या आमच्या घराचे मागचे अंगण एका मोकळ्या भूखंडाला लागून आहे. दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस, मृग लागण्याआधी, आमची रहिवासी समिती मजूर लावून तो भूखंड साफ करून घेते. यंदा समितीने आमचे अंगणही त्याच दिवशी आणि त्याच खर्चात साफ करून देण्याची तयारी दाखवली आहे. हेतू चांगला आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरीही मला हो म्हणवत नाही, कारण वरवर उजाड दिसणाऱ्या या अंगणात सध्या बरेच काही चालू आहे.

शेवग्याच्या एका वाळक्या फांदीला, तिच्या खालच्या अंगाने, तांबट पक्ष्याने जेमतेम दोन इंचांचे गोल भोक पाडले आहे आणि खाली जमिनीवर लाकडाचा भुसा पडलेला दिसतो. कागदी लिंबाच्या कोवळ्या पानांवर पक्ष्याची विष्ठा वाटावी अशा लहान अळ्या बसल्या आहेत. कुंपणाशी रुईचे झाड फुलले आहे, भुईरिंगणी जमिनीला चिकटून पसरली आहे आणि पाण्याच्या नळाजवळ एकदांडीची फुले कधी संपतच नाहीत. दुपारी सगळी गल्ली दारे लावून बसते, तेव्हा माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे सगळे निवांत पाहता येते आणि मला त्याचा फार आनंद होतो.

माझा प्रश्न असा आहे की, यातले काय ठेवावे, काय काढावे आणि जे ठेवायचे त्याचे कारण शेजाऱ्यांना कसे पटवून द्यावे?

माळवी_माणूस

ओसरीताई, शेवग्याच्या त्या फांदीला कोणालाही हात लावू देऊ नका. तांबटाची चोच जाड असली तरी हिरवे, टणक लाकूड तिला पोखरता येत नाही. त्याला मऊ झालेले, वाळके लाकूडच लागते आणि नेमक्या अशाच फांद्या आपण ‘मेलेली फांदी’ म्हणून आधी छाटतो. फांदीच्या खालच्या अंगाला भोक असल्यामुळे पावसाचे पाणी आत जात नाही. उंबर, वड, पिंपळ यांची फळे हे त्याचे मुख्य खाणे आहे. त्यामुळे जवळपास यांपैकी एखादे झाड आणि एखादी वाळकी फांदी असली की भर वस्तीतही त्याची टुक-टुक ऐकू येते.

हिरवी_वही

वनस्पतींविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण इथेच बहुतेक साफसफाई करणाऱ्यांचा गोंधळ होतो.

भुईरिंगणी अवश्य ठेवा. माळव्यातली काळी माती मे महिन्यात भेगाळते आणि बहुतेक लहान झाडोरा करपून जातो, त्या काळात ही वनस्पती हिरवी राहते आणि फुलते. तिचे फूल एकदा जवळून पाहा. पाच पाकळ्यांचा जांभळा तारा आणि मधोमध पिवळ्या परागकोशांचा जुडगा असतो. हे परागकोश उभे चिरत नाहीत, त्यांच्या टोकाला बारीक छिद्रे असतात. भुंगा किंवा एखादी रानमाशी (नेहमीच्या मधमाशीला हे जमत नाही) तिथे लटकून अंग थरथरवते तेव्हा परागकण त्या छिद्रांतून बाहेर पडतात. सकाळी लवकर गेलात तर तो गुंजारव स्पष्ट ऐकू येतो आणि माशी फुलावरून उठताच तो स्वर बदलतो. फळे आधी पांढऱ्या रेघांची हिरवी असतात, मग पिवळी होतात. आयुर्वेदातल्या दशमुळांपैकी ही एक आहे. काटे मात्र पानांवरही असतात, म्हणून जाण्यायेण्याच्या वाटेवर ती असेल तर तेवढा भाग काढायला हरकत नाही.

रुईही ठेवा, पण तिचा चीक डोळ्यांत जाणार नाही याची काळजी घ्या. तो डोळ्यांना गंभीर इजा करू शकतो. घरात लहान मुले असतील तर त्यांना हे आधीच सांगून ठेवावे. पानांच्या खाली पांढऱ्या, काळ्या आणि पिवळ्या पट्ट्यांची अळी दिसली तर ती प्लेन टायगर या नारिंगी फुलपाखराची आहे. रुईतली विषारी द्रव्ये ही अळी अंगात साठवते आणि ती फुलपाखरातही उतरतात, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. ते इतके सावकाश, बिनधास्त उडते त्याचे कारण हेच आहे.

एकदांडी मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतली असली तरी उन्हाळ्यात लहान फुलपाखरांना तिचा मोठा आधार असतो. तिची काळजी करू नका. गाजर गवत मात्र मुळासकट काढा आणि ते फुलण्याआधी, हातमोजे घालून काढा. त्याने त्वचेचे आणि श्वासाचे विकार होतात. पिवळा धोत्राही काढून टाकलेला बरा. त्याच्या बियांचे तेल मोहरीच्या तेलात मिसळले गेल्यामुळे लोकांना जलोदरासारखा आजार झाल्याचे प्रकार देशात घडले आहेत.

शिस्तप्रिय

मी वेगळे मत मांडणार आहे आणि ते मनापासून मांडतो. 2017 पासून आपल्या शहराने स्वच्छतेत जे नाव मिळवले, ते सामान्य नागरिकांनी शिस्त पाळल्यामुळे मिळाले. मोकळ्या भूखंडावर झाडी वाढू दिली की पहिल्याच महिन्यात लोक तिथे कचरा टाकू लागतात, हे मी आमच्या भागात पाहिले आहे. कचरा आला की उंदीर येतात, उंदीर आले की साप येतात आणि पाऊस पडला की डास येतात. आमच्या शेजारी अगदी लहान मुले आहेत. फुलपाखरे मलाही आवडतात, परंतु त्यांच्यासाठी मुलांच्या सुरक्षिततेशी तडजोड करावी असे मला वाटत नाही. ज्यांना निसर्ग पाहायचा आहे त्यांच्यासाठी रालामंडल आहे, सिरपूरचा तलाव आहे. प्रत्येक घरामागे जंगल कशाला हवे?

रेवातीर

शिस्तप्रिय यांची काळजी रास्त आहे आणि तिला उत्तर देणे आवश्यक आहे.

साप फुलांसाठी येत नाही. तो उंदरांसाठी, बेडकांसाठी आणि लपायला जागा मिळावी म्हणून येतो. विटांचा ढीग, जुने पत्रे, फरश्या, लाकडांची रास आणि उघडे पडलेले शिळे अन्न या गोष्टी त्याला भुईरिंगणीपेक्षा कितीतरी जास्त आकर्षित करतात. म्हणून साफसफाई करायचीच असेल तर आधी त्या हलवाव्यात. घराच्या भिंतीपासून निदान सहा-सात फुटांचा पट्टा पूर्ण मोकळा ठेवावा, दाराखालच्या फटी बंद कराव्यात आणि रात्री अंगणात जाताना विजेरी व पायांत बूट असावेत. एवढे केले की कुंपणालगतचा एक कोपरा मोकळा सोडण्यात विशेष जोखीम उरत नाही.

आपल्या वस्त्यांत सर्वांत जास्त दिसणारा साप म्हणजे धामण. ती बिनविषारी आहे आणि उंदीर खाते. नाग, घोणस, मण्यार आणि फुरसे हे मात्र विषारी आहेत आणि ओळखण्याची खात्री नसेल तर प्रत्येक साप विषारी समजूनच दूर उभे राहावे. वन विभागाला किंवा प्रशिक्षित सर्पमित्रांना बोलवावे, स्वतः काठी उचलू नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सापांना संरक्षण दिलेले आहे.

वैद्यकी

वरच्या प्रतिसादाला वैद्यकीय बाजूने थोडी जोड देतो. साप चावल्यास आवळून पट्टी बांधू नये, जखमेवर चिरा देऊ नये आणि विष तोंडाने ओढू नये. रुग्णाला शांत ठेवावे, चावलेला अवयव हलू देऊ नये, अंगठ्या व बांगड्या काढाव्यात आणि थेट अशा रुग्णालयात न्यावे जिथे सर्पविषावरची लस उपलब्ध आहे.

डासांविषयी शिस्तप्रिय यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. डेंग्यूचा एडिस डास झाडीत नव्हे, तर साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. कूलरची टाकी, कुंड्यांखालच्या बशा, गच्चीवरचे टायर आणि पक्ष्यांसाठी भरून विसरलेले परळ या त्याच्या जागा आहेत. अंडे ते डास हा प्रवास उन्हाळ्यात साधारण आठवडाभरात होतो. पाणी रोज बदलले तर तो प्रवास पूर्ण होत नाही. नुसते पाणी ओतून पुन्हा भरणे पुरेसे नाही. एडिस अंडी भांड्याच्या कडेला चिकटवतो आणि ती कोरड्यातही टिकतात, म्हणून परळ काथ्याने घासून धुवावे.

विश्वामित्री

आम्ही वडोदऱ्याचे रहिवासी. आमच्याकडे ‘अंगणातले वन्यजीव’ असा विषय निघाला की बोलणे आपोआप मगरींवर जाते, कारण विश्वामित्री नदी शहराच्या मधोमध वाहते आणि तिच्यात मगरी राहतात. पावसाळ्यात पूर आला की एखादी मगर खरोखरच कोणाच्या तरी दारी येते. त्यामुळे इंदूरकरांनी खार, सरडा आणि तांबट यांचा पाहुणचार निश्चिंतपणे करावा, असे माझे प्रेमाचे सांगणे आहे.

उन्हाळ्यात आमच्या इथे राखी धनेशही दिसतो. मादी झाडाच्या ढोलीत बसून ढोलीचे तोंड लिंपून घेते, फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते आणि नर तिला वडा-पिंपळाची फळे आणून भरवतो. ढोलीची जुनी झाडे पाडली की हा पक्षी वस्तीतून नाहीसा होतो. इंदूरच्या रेसिडेन्सी भागातही जुनी झाडे बरीच आहेत, तेव्हा तिथे राहणाऱ्यांनी मान वर करून अवश्य पाहावे.

निंबोणी

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, अंगण नाही, तरी या धाग्यात लिहिण्यासारखे आमच्याकडेही आहे.

बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या दोरीच्या एका टोकाला यंदा शिंजिराने घरटे बांधले. बांधकाम सगळे मादीचेच होते. नर चकाकत्या जांभळ्या रंगात समोरच्या तारेवर बसून गात असे. तिने आधी कोळ्याच्या जाळ्याचे धागे दोरीला गुंडाळले, मग त्यांत वाळक्या पानांचे तुकडे, सालीचे तंतू आणि अळ्यांची विष्ठा चिकटवत खाली उतरत गेली. पूर्ण झालेले घरटे लोंबत्या जुन्या बटव्यासारखे दिसत होते. बाजूला तोंड आणि तोंडावर पुढे आलेली छोटी पडवी होती. दुपारचे ऊन थेट आत जात नव्हते, यावरून त्या पडवीचा उपयोग कळला. आत मऊ कापसासारखे काही भरलेले होते, बहुधा रुईच्या बोंडांतले. मोकळ्या भूखंडावरची रुई जर उपटली गेली असती तर तिने हे कुठून आणले असते, असा प्रश्न मला पडला आणि म्हणूनच ओसरीताईंचा प्रश्न मला केवळ त्यांच्या अंगणापुरता वाटत नाही.

अंडी उबवण्याचे काम एकट्या मादीने केले. पिल्ले निघाल्यावर भरवायला मात्र नरही येऊ लागला आणि तोंडात मधापेक्षा कोळी आणि लहान किडेच जास्त दिसत. ज्यांना वाटते की शिंजीर फक्त मधावर जगतो, त्यांनी हे लक्षात घ्यावे. बाल्कनीत किडे मारायचे औषध फवारले तर पिल्लांचे खाणेच संपते. आम्ही कपडे घरात वाळत घातले आणि त्याबद्दल घरात कोणाचीही तक्रार नव्हती, याचा मला फार अभिमान वाटतो.

खारुताई

सर्वांनी पक्ष्यांवर लिहिले, म्हणून खारीची बाजू मी मांडते. आपल्या इंदूरच्या खारीच्या पाठीवरचे पट्टे नीट मोजा, ते पाच असतात. दक्षिणेकडे तीन पट्ट्यांची खार आढळते. पुण्या-मुंबईच्या पाहुण्या मुलांना हा खेळ फार आवडतो, पण खार इतकी स्थिर बसतच नाही की मोजणी पहिल्या फेरीत पुरी व्हावी!

दुपारचा_वारा

पक्ष्यांना पाणी ठेवण्याबद्दल दुमत नाही. दाणे टाकण्याबद्दल मात्र मला बोलायचे आहे. गच्चीवर रोज ज्वारी-मका टाकला की येतात ती मुख्यतः कबुतरे, आणि त्यांची संख्या वाढली की चिमण्या, बुलबुल, दयाळ यांना जागा उरत नाही. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीने फुप्फुसांचा गंभीर विकार होऊ शकतो, हेही आता सर्वश्रुत आहे. दाण्यांऐवजी झाड लावावे. कडुनिंबाच्या लिंबोळ्या, तुती, उंबर, करवंद ही खरी पाणपोई आणि अन्नछत्रे आहेत.

चंबळकाठ

ग्वाल्हेरहून लिहितो. आमच्याकडचा उन्हाळा तुमच्या माळव्यापेक्षा कडक असतो आणि रात्रीही दिलासा देत नाही. तरी याच दिवसांत आमच्या खडकाळ, रेताड जमिनीवर करील फुलतो. पाने जवळजवळ नाहीतच, नुसत्या हिरव्या काटेरी काटक्या असतात आणि त्यांवर विटकरी-लाल फुले येतात. जिथे सावलीचा ठिपका नाही तिथे ही फुले शिंजिरांना आणि माश्यांना पुरतात. त्याची कच्ची फळे लोणच्यासाठी वापरतात, ‘टेंटी’चे लोणचे आमच्या घरात अजून होते. शहराच्या कडेच्या भूखंडांवर जेसीबी फिरला की सर्वांत आधी करीलच जातो, कारण तो कोणाच्या डोळ्यांत ‘झाड’ म्हणून भरत नाही.

माळवी_माणूस

हिरवी_वही, एका मुद्द्यावर माझे आपल्याशी जुळत नाही. एकदांडी परदेशी असून चालते, मग घाणेरीला सगळे इतके नावे का ठेवतात? माझ्या कुंपणावर घाणेरी आहे आणि मे महिन्यात तिच्यावर जितकी फुलपाखरे येतात तितकी दुसऱ्या कशावरच येत नाहीत.

हिरवी_वही

फुलपाखरे येतात हे खरे आहे, पण मध पिणे आणि अंडी घालणे यांत फरक आहे. मध पुष्कळ फुलांवर मिळतो. अंडी मात्र प्रत्येक फुलपाखरू ठरावीक झाडावरच घालते, कारण अळी दुसरे काही खात नाही. लिंबाचे फुलपाखरू लिंबावर आणि कढीलिंबावर, प्लेन टायगर रुईवर, कॉमन एमिग्रंट बहाव्यावर, अशी त्यांची घरे ठरलेली आहेत. घाणेरी त्यांना जेवू घालते, पण पुढची पिढी वाढवत नाही. उलट ती दाट माजते, तिच्याखाली दुसरे काही उगवत नाही आणि बुलबुलांनी फळे खाल्ली की तिचे बी दूरवर जाते. आपल्या राज्यातल्या जंगलांत तिने फार मोठी जागा व्यापली आहे. एकदांडी अशी भिंत उभी करत नाही, म्हणून मी दोघींना एका मापाने मोजत नाही. आपण कुंपणाला घाणेरीऐवजी करवंद किंवा मेंदी लावून पाहा आणि जागा असेल तर बहावा लावा.

बहाव्याचा उल्लेख आला म्हणून सांगते. पुढच्या वेळी झुंबराखाली उभे राहाल तेव्हा एकच फूल हातात घ्या. दहा पुंकेसरांपैकी तीन लांब, बाकदार असतात आणि बाकीचे आखूड असतात. मोठा काळा भुंगा आखूड पुंकेसरांवरून पराग गोळा करण्यात गुंतलेला असतो, तेव्हा लांब पुंकेसर त्याच्या अंगाला पराग लावतात. तोच पराग पुढच्या फुलावर पोहोचतो. हा भुंगा वाळक्या लाकडात बीळ करून राहतो, म्हणजे पुन्हा मुद्दा ओसरीताईंच्या त्या वाळक्या फांदीपाशी येतो.

जुनी_गल्ली

माझे वय झाले आहे, फार लांब लिहवत नाही, पण एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आमच्या लहानपणी रामबागेत पहिला पाऊस पडून गेला की मातीतून मखमली लाल मृगाचे किडे बाहेर येत आणि आम्ही मुले त्यांना तळहातावर घेऊन फिरत असू. स्पर्श केला की ते पाय आखडून घेत. वर्षाचा बहुतेक काळ ते जमिनीखाली काढतात. आता अंगणे फरशीने आणि सिमेंटच्या ठोकळ्यांनी भिंतीपर्यंत बंद झाली आहेत, त्यांनी बाहेर यावे तरी कुठून? पावसाचे पाणीही जमिनीत मुरत नाही, ते रस्त्यावर येते आणि मग गल्लीत तळे साचल्याची ओरड होते. ओसरीताई, झाडझाडोऱ्याचे जे करायचे ते करा, पण माती उघडी ठेवा. समितीच्या कामात फरशी बसवण्याचा विचार असेल तर त्याला आधी विरोध करा.

शिस्तप्रिय

सर्व प्रतिसाद शांतपणे वाचले. विटांचे ढीग आणि साठलेले पाणी यांबद्दल जे लिहिले गेले ते मला पटते आणि गाजर गवताबद्दल तर आपण सगळे एकाच बाजूचे आहोत. माझी अट एकच राहील. राखलेला कोपरा हा दुर्लक्षित कोपरा आहे असे कोणाला वाटता कामा नये. त्याला विटांची किंवा बांबूची नीटनेटकी कड करावी, आत कचऱ्याचा एक कागदही राहू देऊ नये आणि तिथे काय राखले आहे याची छोटी पाटी लावावी. कोणी काळजी घेत आहे हे दिसले की लोक कचरा टाकत नाहीत. असे होणार असेल तर मी आमच्या समितीतही हा विषय मांडायला तयार आहे.

ओसरी

शिस्तप्रिय, आपली पाटीची कल्पना मला फार आवडली. पाटीवर नावे मी लिहीन आणि रंगकाम आमच्या गल्लीतली मुले करतील.

समितीला मी आता असे कळवणार आहे. घराच्या भिंतीलगतचा पट्टा पूर्ण साफ करावा, जुन्या फरश्या आणि विटा उचलून न्याव्यात, गाजर गवत आणि पिवळा धोत्रा मुळासकट काढावा. कुंपणालगत रुई, भुईरिंगणी, एकदांडी आणि लिंब यांना हात लावू नये, तणनाशक फवारू नये आणि माती उघडीच राहू द्यावी. काढलेला पालापाचोळा जाळायचा नाही, तो लिंबाच्या आळ्यात आच्छादन म्हणून पसरायचा.

एक अडचण उरते. शेवग्याची ती फांदी शेजारच्या चारचाकीच्या जागेवर झुकलेली आहे. शेवग्याचे लाकूड ठिसूळ असते आणि मॉन्सूनपूर्व वादळात ती मोडली तर शेजाऱ्यांचे नुकसान होईल. आत पिल्ले असतील तर काय करावे?

माळवी_माणूस

आधी दोन-तीन दिवस सकाळी आणि संध्याकाळी दुरून लक्ष ठेवा. नर-मादी दोघे आळीपाळीने चोचीत फळे किंवा किडे घेऊन भोकाशी येत असतील तर आत पिल्ले आहेत असे समजा. फक्त अंधार पडताना एक पक्षी आत शिरत असेल तर तो रात्रीच्या मुक्कामाला येतो, कारण तांबट विणीच्या काळाबाहेरही ढोलीत झोपतो.

पिल्ले असतील तर ती उडून जाईपर्यंत शेजाऱ्यांना गाडी थोडी अलीकडे लावण्याची विनंती करा आणि फांदीला खालून बांबूचा दुबेळका टेकू द्या. टेकू लावताना भोकासमोर फार वेळ उभे राहू नका. पिल्ले नसतील आणि फांदी खरोखर धोकादायक असेल तर ती दुपारी, पक्षी बाहेर असताना कापा, पण भोकाच्या वर आणि खाली हातभर लाकूड ठेवून कापा आणि तो ओंडका त्याच झाडाच्या भक्कम खोडाला, भोक खालच्या अंगाला येईल असा, तारेने घट्ट बांधा. तांबट तिथे परत येईलच असे सांगता येत नाही, परंतु लाकडात राहणाऱ्या भुंग्यांना आणि इतर किड्यांना तो ओंडका उपयोगी पडतो.

समितीची बैठक झाली की काय ठरले ते इथे अवश्य कळवा. आमच्या वसाहतीची साफसफाई जूनच्या पहिल्या आठवड्यात आहे आणि आपले पत्र मला नमुन्यादाखल हवे आहे.